दुभाषी झिंगामाय

झिंगामाय बैलाशी मराठीत बोलायची आणि कोंबड्यांशी गोंडीत. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी तिला कारण विचारलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत राहिली.

"बैल हिंगणीच्या बाजारातून आनला, कुनब्याच्या घरचा," ती म्हणाली. "त्याले गोंडी काय समजते? कोंबड्या माह्याच घरी अंड्यातून निंगाल्या. ज्याले जे समजते, त्याच्याशी ते बोलाव गुरजी. नाई त बोलाव काऊन?"

जंगलाच्या गार्डाशी ती हिंदीत बोले, आणि तेही अशा ठसक्यात की गार्डच दोन पावलं मागे सरके. एका वाक्यात तिन्ही भाषा आल्या तरी तिची जीभ कधी अडखळली नाही. सही करता येत नव्हती, पाटी हातात धरली नव्हती. पण मी वर्ध्याच्या ट्रेनिंगमध्ये जे शिकलो नाही ते या बाईने मला शिकवलं, आणि तेही माझ्याच शाळेच्या दारात बसून.

हिंगणीपासून पाच-सहा मैल आत, बोर नदीच्या वरच्या अंगाला, सागाच्या रानात वीस-पंचवीस घरांची गोंडांची वस्ती होती. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी वीस वर्षांचा, आर्वीत वाढलेला. देश नवा, नोकरी नवी, आणि आपण आता या रानात ज्ञानाचा उजेड पाडणार असा अंगात वारा शिरलेला. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवत, आत एक फळा, एक टेबल-खुर्ची आणि दाराशी टांगलेली घंटा. माझ्या आधीचे दोन मास्तर वर्षभरही टिकले नव्हते. पटावर चोवीस नावं होती; पहिल्या दिवशी समोर बसली ती आठ.

पहिल्याच दिवशी मी मानकू नावाच्या पोराला पाटीवर 'ग' काढायला सांगितलं. त्याने सुरेख काढला. मी खूश होऊन म्हणालो, "वा!" तर तो उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याला जागेवर पाठवलं. मग चंपी नावाची सहा वर्षांची पोर. तिचाही 'ग' छान आला. मी म्हणालो, "वा!" तीही उठून आली. मी चिडलो. "नाई, नाई! जागेवर बसा!" असं ओरडलो, तर सगळी मुलं दाराकडे वळून पाहू लागली आणि एकाने चक्क दगड उचलला.

आठ दिवस असंच चाललं. कौतुक केलं की पोरं अंगावर येत, नाही म्हटलं की दाराकडे बघत. शेवटी मी एक अर्ज लिहिला. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं ते असं होतं : 'येथील मुले मंदबुद्धी असून त्यांना शिकवणे अशक्य आहे, तरी माझी बदली व्हावी.' अर्ज सदऱ्याच्या खिशात घालून मी वर्गात आलो, मानकूला पुन्हा एकदा "वा!" म्हणालो, तो पुन्हा उठून आला, आणि दारात कुणीतरी मोठ्याने हसलं.

दारात लाकडाची मोळी टाकून एक उंच, काटक बाई उभी होती. चाळिशीची असेल. कपाळावर गोंदण, कासोटा घट्ट. ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी उंबऱ्यावरच बसली.

"गुरजी," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हीच त्याइले बोलावून राह्यले, अन् आले की काऊन आले म्हनून वरडून राह्यले!"

"मी कुठं बोलावतोय?"

"आमच्यात 'वा' म्हंजे ये! तुम्ही ये म्हनता, लेकरू येते. गुनाचं लेकरू हाय."

मी मग हळूच विचारलं, "आणि 'नाई' म्हटलं की?"

"नई म्हंजे कुत्रं. तुम्ही दिवसभर कुत्रं-कुत्रं करून राह्यले. पोरं बिचारी पाहून राह्यली, कुठं घुसलं म्हनून!"

त्या क्षणी मला जे वाटलं ते कसं सांगू! आठ दिवस ज्या पोरांना मी मंद समजत होतो, ती माझा शब्द न् शब्द पाळत होती. बुद्धी कमी पडत होती ती माझी. मला हसू फुटलं, मग पोरांना फुटलं, मग पुन्हा तिला. तो अर्ज पुढे धुण्यात सदऱ्याबरोबर भिजला आणि त्याचा लगदा झाला.

मी तिला म्हणालो, "माय, तू रोज येशील का शाळेत?"

तिने थोडा विचार केला. "येईन. पन दोन गोष्टी मानाव्या लागन. छडी बाहेर टाका. अन् गिनती तुमच्याच बोलीत शिकवा. बाकी समदं मी सांगीन, पन गिनतीत मले इचारू नका."

पहिली अट मला समजली. दुसरी समजली नाही, पण मी ती मान्य केली.

दुसऱ्या दिवसापासून झिंगामाय सकाळचं काम उरकून यायची आणि उंबऱ्यावर बसून अंबाडीचा दोर वळायची. आत कधी यायची नाही. मी म्हणायचो, "पाणी," ती दोरावरची नजर न काढता म्हणायची, "येर." मी म्हणायचो, "घर," ती म्हणायची, "रोन." आणि समोर बसलेल्या चेहऱ्यांवर असा काही लख्ख उजेड पडायचा की मला पुढचा शब्द कधी उच्चारतो असं होऊन जायचं. तिने माझ्याकडून आणखी एक कबूल करून घेतलं होतं : पोरं जितके शब्द शिकतील तितके मीही शिकायचे. संध्याकाळी घरी जाताना ती माझी परीक्षा घ्यायची. चुकलो की पोरांसमोर सांगायची, "आज गुरजी नापास."

एकदा मी झाडांचा धडा घेतला. प्रत्येकाने पाच झाडांची नावं सांगा, असं म्हणालो. मानकू उभा राहिला आणि सुरू झाला. पाच झाली, दहा झाली, वीस झाली. झाड, त्याचा चीक कशाला लागतो, त्याच्या खाली कोणतं जनावर बसतं, सगळं तो गोंडीत सांगत होता आणि झिंगामाय ते मराठीत सांगत होती. पंचविसाव्या झाडाला ती थांबली. "याले तुमच्यात काय म्हनते मले ठाऊक नाई." मलाही ठाऊक नव्हतं. त्यापुढची सहा-सात झाडं माझ्या भाषेत बिननावाची राहिली आणि मानकू अजून बोलतच होता.

"आता नापास कोनाले करता?" झिंगामायने विचारलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती जे बोलली, ते मी पुढे नोकरीच्या प्रत्येक गावात सांगत आलो. "लेकरू भरेल मडकं असते गुरजी. तुम्ही रिकामं समजून वतून राह्यले, म्हनून सांडून राह्यलं. आंधी त्यात काय हाय ते पाहा."

उन्हाळा लागला, मोहाची फुलं पडू लागली आणि वर्ग एका सकाळीत ओस पडला. मी वैतागून बसलो होतो. झिंगामाय आली ती डोक्यावर टोपली घेऊनच. "पोरं मोहाखाली गेली, त तुम्ही इथं कोनाची शाळा भरवता? चाला!" मग महिनाभर आमची शाळा पहाटे मोहाखाली भरली. फुलं वेचायची, ऊन चढलं की सावलीत बसायचं आणि वाचायचं. फळा मी पाठीवर बांधून न्यायचो. पोरांच्या आया फुलं वेचता वेचता ऐकायच्या. त्या महिन्यात पटावरची चोवीसच्या चोवीस मुलं हजर होती, आणि नाव नसलेली आणखी पाच येऊन बसत होती.

आम्ही असे रंगात आलेले असताना, पुढच्या हिवाळ्यात, एक कागद आला. मागच्या वर्षांची हजेरी आणि निकाल पाहता ही शाळा चार मैलांवरच्या मोठ्या गावी हलवण्याचा विचार आहे. शाळा तपासणारे डिप्टी साहेब येऊन पाहणी करतील आणि मग ठरेल. चार मैल म्हणजे मधे नाला, मधे दाट रान. सहा-सात वर्षांची पोरं तिथे जाणं शक्य नव्हतं. मी कागद वाचून दाखवला. झिंगामायने दोर बाजूला ठेवला.

"मंग येऊ द्या न साहेबाले," ती म्हणाली. "पाहू, तो मोठा का आपली पोरं मोठी!"

पुढचे दहा दिवस वस्तीला सण आल्यासारखं झालं. बायांनी भिंती सारवल्या, गड्यांनी गवत बदललं, मानकूने रानातून वेली आणून दाराला बांधल्या. पोरं रस्त्याने जाताना कविता म्हणत. मी रोज धाकधूक घेऊन झोपत होतो आणि रोज सकाळी पोरांचा आवाज ऐकून पुन्हा हुरूप येत होता.

डिप्टी साहेब आले ते बैलांच्या खाचरात बसून. सोबत एक चपराशी. साहेब वयस्क, जाड भिंगाचा चष्मा, काळी टोपी, बोलणं मोजकं. माणूस वाईट नव्हता, पण हसणं त्यांना माहीत नसावं. वाचन झालं, उत्तम झालं. कविता झाली. मानकूने झाडांची नावं मराठीतून खडखडा म्हटली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, जिंकलो!

मग त्यांनी टेबलावर मूठभर चिंचोके टाकले आणि चंपीला बोलावलं. "मोज."

चंपी आता सात वर्षांची झाली होती. तिला शंभरापर्यंत मोजता यायचं. पण एवढा मोठा परका माणूस तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला असेल. शाळेतले आकडे ती विसरली. तिने एक चिंचोका उचलला आणि म्हणाली, "उंदी." दुसरा उचलला आणि म्हणाली, "रंड."

चपराशी फिसकन हसला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"काय म्हणालीस?"

चंपीला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. तिने दुसरा चिंचोका उंच धरला आणि मोठ्याने म्हणाली, "रंड!"

"मास्तर!" साहेब कडाडले. "हे शिकवता तुम्ही? पोरीच्या जातीला?"

 मला गोंडीतले शेकडो शब्द येत होते, पण आकडे येत नव्हते. झिंगामायने ते मला कधी सांगितलेच नव्हते. मलाही ती शिवीच ऐकू आली. मी चंपीच्या दिशेने रागाने पाऊल टाकलं. खरं सांगायचं तर माझा हात उचललाही गेला होता.

"मारू नका!"

झिंगामाय आत आली होती. दीड वर्षात पहिल्यांदा ती उंबरा ओलांडून आत आली होती. ती सरळ टेबलापाशी गेली आणि चंपीला तिने पाठीशी घेतलं.

"साहेब, शिवी नाई ते. दोन हाय. पोरीनं दोन मोजले." तिने एक चिंचोका ठेवला, "उंदी, म्हंजे एक." शेजारी दुसरा ठेवला. "अन् हे रंड, म्हंजे दोन. आमची गिनती हाय. माह्या मायची होती, तिच्या मायची होती. त्यात वंगाळ काय हाय?"

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. झिंगामाय थांबली नाही.

"माही पोरगी मैनी अशीच होती, सात वर्साची. ही शाळा नव्हती तवा. दुसऱ्या गावच्या शाळेत घातलती. तिसऱ्या दिवशी हातावर वळ घेऊन आली. मी म्हनलं, काऊन मारलं? म्हने, मी मोजत होती. मले वाटलं, चुकली असन. म्या बी दोन थापडा देल्ल्या तिले. म्हनलं, नीट मोजाले काय झालं तुले? ते शाळेत मंग कधी गेली नाई. मोजाचं म्हनलं का तोंड मिटे तिचं. मंग लय वर्सानं मी कापसाच्या जिनात सरकी काढाच्या कामाले गेलती. तिथं मुकादमानं एका बाईले शिवी देल्ली. तो शब्द ऐकला अन् माह्या हातातली टोपली पडली. तवा मले समजलं." तिने पदराने तोंड पुसलं. "पोर चुकली नव्हती साहेब. बराबर मोजत होती. तिले मास्तरनं मारलं, अन् म्या बी मारलं."

 चपराशाने मान खाली घातली होती. तिने गिनतीत पडायला का नकार दिला होता, ते मला त्या घडीला कळलं. आमच्या पोरांवर तो मार पुन्हा येऊ नये, म्हणून तिने आपल्या भाषेतले आकडेच दडवून ठेवले होते. मी माझा हात कुठे लपवू असं मला झालं.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. चष्मा पुसला. मग चंपीला म्हणाले, "पुढे सांग, बाळ. तीन म्हणजे?"

"मूंद," चंपी झिंगामायच्या आडून म्हणाली.

"मग?"

"नालूंग. सयुंग."

"आता मराठीत?"

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात..." ती सुटली ती थांबेना. चिंचोके संपले, तर ती वर्गातली पोरं मोजू लागली, मग आढ्याच्या बल्ल्या मोजू लागली, आणि सगळा वर्ग तिच्यासोबत ओरडू लागला. कधी नव्हे ते साहेब हसले. त्यांनी स्वतः बोटावर म्हणून पाहिलं, "उंदी, रंड, नालूंग..."

"नाई! नाई!" पोरं एका दमात ओरडली, आणि या वेळी कुणीही दाराकडे वळून पाहिलं नाही.

शेरेबुकात त्यांनी एवढंच लिहिलं : 'मुलांना अंकज्ञान चांगले आहे. शाळा येथेच राहावी.' झिंगामायविषयी एक अक्षर नव्हतं. मला वाईट वाटलं. ती मात्र म्हणाली, "येथेच राहावी म्हनलं न? मंग माहं नाव कायले पाह्यजे?"

दुसऱ्या दिवशी तिने मला आणि पोरांना दहापर्यंत सगळे गोंडी आकडे उघड्यावर, मोठ्या आवाजात म्हणायला लावले. त्या दिवशी आम्ही अख्खी वस्ती मोजली! घरं, शेळ्या, बैल, चुली, नदीकाठचे दगड. एकदा या भाषेत, एकदा त्या भाषेत. म्हातारे गडी दारात उभे राहून पोरांच्या चुका काढत होते.

त्यानंतर झिंगामाय दोन दिवस दिसली नाही. नदीपलीकडे मैनीच्या सासरी गेली होती. परत आली तेव्हा मी विचारलं, "सांगितलंस तिला?"

"सांगतलं."

"मग?"

"रडली. मंग मीबी रडली. मंग हासली अन् मले म्हने, माय, माफी मांगाले आली, त खाली हातानं काऊन आली? कोंबडं त आनतीस!" असं म्हणून ती खो खो हसली. ती इतकी हलकी दिसत होती की दहा वर्षांनी लहान वाटली.

मी त्या शाळेत सहा वर्षं राहिलो. चंपी आणि मानकू दोघंही चौथी पास झाले. मानकू पुढे हिंगणीच्या शाळेत गेला. राज्यं बदलली, वर्धा मुंबई राज्यात गेला, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली. झिंगामाय त्यानंतर चारेक वर्षांनी तापाने गेली; मला ते कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ती येते ती माझ्या निघण्याच्या दिवशीची.

नवे मास्तर आदल्या संध्याकाळी आले होते. तरुण, पांढराशुभ्र सदरा, नागपूरकडचे. मी चार्ज दिला आणि सकाळी निघालो. पोरांचा निरोप घेताना मी रडलो, ते इथे सांगत नाही. झिंगामायने माझी ट्रंक माझं न ऐकता डोक्यावर घेतली आणि आम्ही हिंगणीच्या वाटेला लागलो. नाल्यापर्यंत पोचवते म्हणाली. मी गहिवरून काहीबाही बोलत होतो.

"माय, नव्या मास्तरांना मी सगळं सांगून ठेवलंय. ते तुझं ऐकतील."

"सांगून काय होते गुरजी? तुम्हाले कोनी सांगतलं असतं, त पटलं असतं काय?" ट्रंक सावरत ती म्हणाली. "तुम्हाले तयार कराले मले आठ महिने लागले. हा त अखीन शहरातला दिसते. वर्स खाईन."

मी थबकलो. सहा वर्षं मी समजत होतो की मी शाळा चालवतोय आणि ही बाई मला मदत करतेय. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून, सागांच्या मधून, शाळेची घंटा ऐकू आली. झिंगामाय जागच्या जागी थांबली. तिने ट्रंक खाली घेतली ती भर वाटेतच.

"घंटा झाली! तो पोराइशी बोलाले सुरू करन!"

"जा माय, तू जा," मी म्हणालो.

"नाल्यातले दगड निसरडे हाय, पाय पाहून टाकजा," एवढं म्हणून ती वळलीसुद्धा. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि जवळजवळ पळतच ती वाटेच्या वळणाआड गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मग ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पाय पाहून टाकत नाल्यात उतरलो.